एमजीबी: पुढच्या नव्या स्प्रिंगा बसल्या, डावा कल मात्र जागचा हलला नाही

माझ्या एमजीबीच्या (जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या) पुढच्या दोन्ही स्प्रिंगा बदलल्या, विशबोनचे (चाक धरणाऱ्या भुजेचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरी नळकांडी, नवे घातले आणि गाडी चाकांवर उतरवली. तरीही डावा पुढचा कोपरा उजव्यापेक्षा १६ मिलिमीटर खाली आहे. जुन्या, बसलेल्या स्प्रिंगांवर हाच फरक १७ होता, म्हणजे एवढ्या खटाटोपातून जेमतेम एक मिलिमीटर हाती लागला. क्रोम बंपरच्या ज्या रोडस्टरविषयी (उघड्या छताच्या गाडीविषयी) मी आधीच्या नोंदींत लिहीत आलो आहे, तीच ही गाडी. एका बाजूचा हा झुकाव, म्हणजे कल, स्प्रिंगांमुळेच आहे असे बहुतेकांचे मत होते. ते का टिकले नाही, हे या वेळी सविस्तर लिहीत आहे.

आधी स्प्रिंगा बसवण्याविषयी थोडेसे. जॅकने स्प्रिंग पॅन (स्प्रिंगखालची थाळी) उचलून बोल्ट घालण्याची पद्धत अनेकजण वापरतात, परंतु बसलेल्या स्थितीत या स्प्रिंगवर सुमारे साडेचारशे किलोंचा भार असतो आणि पॅन जॅकच्या डोक्यावरून तिरका सरकला तर तो आवरणे कोणाच्याही हातात नसते. म्हणून पॅनच्या चार बोल्टांपैकी समोरासमोरच्या तिरक्या जोडीच्या जागी ८.८ या मजबुतीच्या श्रेणीचे लांब आट्यांचे दांडे घातले, आट्यांना मॉलिब्डेनमचे ग्रीस लावले आणि नटाखाली छोटे थ्रस्ट बेअरिंग ठेवले. एकेका नटाला आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा देत गेले की पॅन सरळ वर येतो आणि उरलेल्या दोन भोकांतून मूळ बोल्ट हाताने आत जातात. थ्रस्ट बेअरिंगमुळे नट इतका हलका फिरतो की साधा रिंग पाना पुरतो. मऊ लोखंडाचे बाजारू दांडे मात्र या कामाला वापरू नयेत. भार आला की त्यांचे आटे ताणले जातात आणि नट मध्येच अडकतो, आणि तोही स्प्रिंग अर्धी दाबलेली असताना.

विशबोनच्या आतल्या टोकांना व्ही८ प्रकारचे (एमजीबीच्या व्ही८ आवृत्तीतले) बुश घातले आहेत. त्यांचे रबर धातूच्या बाहीला चिकटवलेले असते, त्यामुळे त्यांचे नट चाके लटकत असताना आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करून, तिची पुढची-मागची दोन्ही टोके दाबून मोकळी करून, मगच ते पक्के केले. उजवे-डावे दोन्हीकडे हे तपासले आहे, त्यामुळे पिळलेले पुढचे बुश हे कलाचे कारण नाही.

आता मोजणीविषयी. हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या काठापर्यंतचे अंतर मी घेतो, म्हणजे टायरमधील हवा आणि टायरची झीज यांचा प्रश्न उरत नाही. जॅकवरून उतरलेल्या गाडीची पुढची चाके आत खेचलेली असतात आणि टायर जमिनीला धरून ठेवल्यामुळे गाडी खोट्या उंचीवर अडकते. त्यासाठी प्रत्येक पुढच्या चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये ग्रीस, अशी सरकती बैठक ठेवली. गाडी दाबून सोडली की चाके आपोआप बाहेर सरकतात आणि माप दरवेळी एक मिलिमीटरच्या आत तेच येते. चालकाच्या आसनावर वाळूच्या पिशव्या ठेवून आणि काढून, अशी दोन्ही मापे नोंदवली आहेत. वर दिलेला आकडा रिकाम्या गाडीचा आहे.

पहिला संशय अर्थातच नव्या स्प्रिंगांवर गेला, कारण जोडी म्हणून आलेल्या या दोघींच्या मोकळ्या लांबीत ४ मिलिमीटरचा फरक होता. विक्रेत्याने, त्याचे नाव इथे घेत नाही, ‘एवढे चालते’ असे उत्तर दिले, ते मला मुळीच आवडले नाही. तरीही मोकळ्या लांबीवरून निकाल देऊ नये, कारण गाडीला स्प्रिंगची लांबी कळत नाही, ठरावीक लांबीवर ती किती भार उचलते एवढेच कळते. दाबमापक असलेल्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये दोघींना बसलेल्या लांबीइतके, म्हणजे सुमारे ७ इंचांपर्यंत, दाबून पाहिले तेव्हा मापकाचा काटा दोन्ही वेळा जवळजवळ एकाच जागी थांबला. खात्रीसाठी त्या डाव्या-उजव्या अदलूनबदलून बसवल्या. कल डावीकडेच राहिला आणि आकडाही तोच आला. स्प्रिंगा निर्दोष सुटल्या.

मागच्या नोंदीवर ‘डावा लिव्हर डॅम्पर गळत असेल, म्हणून ती बाजू बसली आहे’ असे एकाने लिहिले होते. आर्मस्ट्राँगचा लिव्हर डॅम्पर गाडी उचलून धरत नाही, तो फक्त हालचाल मंद करतो. त्यातले तेल पूर्ण आटले तरी उभ्या गाडीची उंची बदलणार नाही. चालत्या गाडीची मात्र हाडे खिळखिळी होतील. अँटी-रोल बारमध्ये (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या, डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या सळईत) आधीच ताण असेल तर तो गाडी एका बाजूला खेचू शकतो, म्हणून त्याचे दुवे दोन्हीकडून सोडले. फरक शून्य.

इथे पुढच्या बाजूचे सगळे संशयित संपले आणि मी मागे वळलो. ज्यांनी कलाशी झुंज दिली आहे त्यांना पुढची चाचणी ठाऊक असेल, पण ती इतकी सोपी असूनही इतकी कमी केली जाते की तपशील देतो. मागचा अॅक्सल (दोन्ही मागच्या चाकांमधला आस) डिफरन्शियलखाली, म्हणजे त्याच्या मधल्या फुगीर भागाखाली, अगदी मध्यभागी, एकाच आधारावर उचलायचा. जॅकची वाटी रुंद असते आणि ती स्वतःच कल रोखते, म्हणून वाटीत गाडीच्या लांबीच्या दिशेने गोल सळईचा तुकडा ठेवायचा, जेणेकरून अॅक्सल त्यावर तराजूच्या दांडीसारखा डोलेल. अॅक्सलच्या दोन्ही नळ्यांखाली बोटभर फट ठेवून स्टँड उभे करायचे आणि गाडीखाली कोणीही जायचे नाही. अशा स्थितीत मागची बाजू कलाबद्दल काहीच बोलू शकत नाही. गाडी डावी-उजवी कशी उभी राहील हे केवळ पुढच्या स्प्रिंगा ठरवतात.

अॅक्सल जमिनीवरून सुटला, गाडी किंचित डोलली आणि स्थिरावली. कमानीवर पट्टी लावली तर फरक ५ मिलिमीटर! सोळातले अकरा मिलिमीटर मागून येत होते.

उरलेल्या पाचांचा हिशेब लागण्यास वेळ लागला नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून पुढच्या क्रॉसमेंबरची (पुढच्या स्प्रिंगा ज्याला टेकतात त्या आडव्या तुळईची) दोन्ही टोके ताडली तर तो एका मिलिमीटरच्या आत समतल निघाला. सांगाडा सरळ आणि कमान तिरकी, म्हणजे दोष पत्र्यात. डावे मडगार्ड पूर्वी कधीतरी दुरुस्त झालेले आहे. कमानीच्या वर एका जागी लोहचुंबक पकड सोडतो, कारण तिथे पुट्टीचा जाड थर आहे. हे पाच मिलिमीटर कोणतीही स्प्रिंग भरून काढणार नाही, तेव्हा यापुढे माझे मुख्य माप क्रॉसमेंबरपासून घेतले जाईल.

मग उलट चाचणी केली: पुढचा क्रॉसमेंबर मध्यभागी तसाच सळईवर उचलला आणि मागची चाके जमिनीवर ठेवली. आता मागची डावी कमान उजवीपेक्षा २२ मिलिमीटर खाली. मागे वेटोळ्यांऐवजी पोलादी पानांच्या स्प्रिंगा, म्हणजे पाटे, असतात. उजव्या पाट्याच्या शॅकलचे (पाट्याचे मागचे टोक टांगणाऱ्या दुव्याचे) बुश नीट पाहिले तेव्हा रबराच्या काठावर तिरक्या सुरकुत्या दिसल्या, म्हणजे मी गाडी घेण्याआधी कोणीतरी ते अॅक्सल लटकत असताना आवळले असणार. पिळलेले रबर ती बाजू वर धरून ठेवत होते. गाडी चारही चाकांवर असताना शॅकलचे नट सैल केले, मागचा बंपर दाबला, ‘कर्र’ असा आवाज झाला आणि उजवी बाजू ७ मिलिमीटर खाली बसली. मागचा फरक १५ वर आला, पुढचा कमानीवरचा १२ वर. मडगार्डाचे पाच वजा केले तर पुढे खरा कल सातच उरतो. या कामातला सर्वांत समाधानाचा आवाज तोच होता.

आता योजना बदलावी लागत आहे. डाव्या पुढच्या स्प्रिंगखाली ६ मिलिमीटरचे पॅकिंग घालण्याचा माझा विचार होता. स्प्रिंग खालच्या विशबोनच्या साधारण मध्यावर बसते, त्यामुळे चाकापाशी त्याचे १२ मिलिमीटर होतात आणि कागदावर कल नाहीसा होतो. पण दोष मागच्या डाव्या पाट्यात असताना पुढे डावीकडे पॅकिंग घातले तर डावे पुढचे आणि उजवे मागचे चाक जास्त भार घेतात, आणि उजवे पुढचे हलके पडते. दिसायला गाडी समतल, आणि जोरात ब्रेक लावला की उजवे पुढचे चाक आधी लॉक होणार. असे पॅकिंग म्हणजे डोळ्यांची फसवणूक आहे, ते मी घालणार नाही. उजवीकडे पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालून ती बाजू खाली आणण्याचा सल्लाही बाजूला ठेवला आहे.

नव्या पाट्यांची जोडी मागवायची असे ठरवून हे लिहायला बसलो होतो, परंतु लिहिता लिहिता लक्षात आले की पुढे जी अदलाबदल केली तीच मागेही करता येते. पाटे दोन्हीकडे सारखेच असतात. डावा उजवीकडे नेल्यावर कलही उजवीकडे गेला तर पाटा बसला आहे हे पक्के. कल डावीकडेच राहिला तर शॅकलची किंवा पाट्याच्या पुढच्या टोकाची जागा तपासावी लागेल, आणि नवे पाटे घेऊनही काही साधणार नाही. पाटे खाली आलेच आहेत तर त्यांच्या दोन्ही डोळ्यांमध्ये (टोकांच्या कड्यांमध्ये) दोरी ताणून मधल्या कमानीची खोलीही मोजून घेईन, आणि पानांमधला गंज काढून घेईन.

एकूण उंचीचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला आहे. पुढची बाजू सध्या मला हवी त्यापेक्षा सुमारे २० मिलिमीटर उंच आहे. नवी स्प्रिंग सुरुवातीच्या वापरात थोडी बसते, म्हणून तिचे वेटोळे कापण्याची घाई कोणी सुचवू नये. वेटोळे कमी झाले की स्प्रिंग कडकही होते. रोडस्टरची मूळ स्प्रिंग सुमारे ६१ न्यूटन प्रति मिलिमीटरची. विशबोनच्या प्रमाणाचा (वर सांगितलेल्या सुमारे निम्म्याचा) वर्ग धरला तर चाकापाशी त्याचा जेमतेम चौथा भाग, म्हणजे १५ च्या आसपास, पोहोचतो, आणि ही मऊ चाल मला बिघडवायची नाही. पाटे मार्गी लागेपर्यंत अँटी-रोल बारचे दुवे सुटेच राहतील. उंची बदलली की टो-इनही (पुढची चाके समोरून आत किती वळलेली आहेत ते माप) बदलते, त्यामुळे ते १.५ ते २.३ मिलिमीटरच्या मूळ मर्यादेत आणण्याचे कामही मागचा निकाल लागल्यावरच हाती घेईन.