लीड्सवाले आजोबा आणि बर्नलीवाले आजोबा

इंग्रज माणूस अबोल, तोलूनमापून बोलणारा, असं आपल्याकडे अजून सर्रास म्हणतात. असं म्हणणाऱ्याला मी लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर नेईन. कसोटीला नाही, काउंटीच्या चार दिवसांच्या सामन्याला. तेव्हा बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात आणि पेन्शनर मंडळी थर्मास, सँडविचचा डबा आणि गुडघ्यांवर घ्यायला शाल असा सरंजाम घेऊन येतात. त्यांतले दोन आजोबा मला फार प्रिय आहेत. एक इथलेच, लीड्सचे, म्हणजे यॉर्कशायरचे. दुसरे डोंगरापलीकडच्या बर्नलीचे, म्हणजे लँकशायरचे. तरुणपणी नोकरीसाठी आले आणि इथेच राहिले. दोघं एकाच कारखान्यात होते, आणि तेव्हापासून भांडताहेत.

यॉर्कशायर-लँकशायर सामन्याला इथे ‘रोझेस’ म्हणतात. पंधराव्या शतकात यॉर्क आणि लँकेस्टर ही घराणी गादीसाठी लढली, त्यांचे पांढरा आणि लाल हे गुलाब आज या दोन काउंट्यांची खूण आहेत.

“1461 साली टाउटनला तुम्हाला धुतलं होतं,” लीड्सवाले सुरुवात करतात.

“आणि 1485 ला मुकुट शेवटी कुणाच्या डोक्यावर गेला?” बर्नलीवाले सँडविच चावत विचारतात.

तेवढ्यात विकेट पडते. दोघांचंही लक्ष नसतं.

मग हवामान. मध्ये पेनाइन डोंगररांग आहे. पश्चिमेचे ढग लँकशायरवर रिकामे होतात आणि यॉर्कशायरला त्यामानाने कमी पाऊस मिळतो. आपलं कोकण आणि देश आठवा. “तुमचा पाऊस आमचा डोंगर अडवून ठेवतो,” असं लीड्सवाल्यांचं म्हणणं. “उरलेलं पाणी तुम्ही पिता,” हे बर्नलीवाल्यांचं.

मी महाराष्ट्रातली, हे कळल्यावर त्यांना नवा दारूगोळाच मिळाला. यॉर्कशायरकडून खेळायचं तर जन्म यॉर्कशायरचाच हवा, हा दंडक या क्लबने 1992 पर्यंत जवळजवळ कडकपणे पाळला. त्या वर्षी परदेशातून आलेला पहिला खेळाडू म्हणजे एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर.

“आमचा सचिन,” लीड्सवाले मला अभिमानाने म्हणाले.

“क्लब 1863 चा, आणि दार उघडलं 1992 ला!” बर्नलीवाले कडाडले. “आम्ही मुंबईचा फारुख इंजिनियर 1968 सालीच आणला होता. आणि तुमचा तो थोर कप्तान लॉर्ड हॉक, तो तर लिंकनशायरला जन्मलेला!”

यावर लीड्सवाल्यांनी थर्मास आपल्याकडे ओढून घेतला. इतकंच उत्तर.

या भांडणाचे नियम मला हळूहळू कळले. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू द्यायची नाही. जो आधी हसला तो हरला. आणि तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही. एकदा मागच्या रांगेतला एक तरुण लीड्सवाल्यांची बाजू घेऊन लँकशायरवाल्यांना काहीबाही बोलला. लीड्सवाले गर्रकन वळले. “तू गप्प बस. हा गाढव आहे, पण माझा आहे.” ते ऐकून मला माझ्या गल्लीतला कट्टा आठवला. तिथेही एकमेकांना वाटेल ते बोलायचा हक्क वर्षानुवर्षं एकत्र बसून कमवावा लागे.

मध्यंतरी बर्नलीवाल्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. लीड्सवाले रोज दोन बस बदलून दवाखान्यात जात. पहिल्या दिवशी त्यांनी यॉर्कशायर टीचा मोठा डबा नेला आणि म्हणाले, “चांगला चहा प्यायल्याशिवाय मरू नकोस.”

“पानं आसामची आणि आफ्रिकेची. यॉर्कशायरचा नुसता पुठ्ठा,” नळ्या लावलेल्या अवस्थेत उत्तर आलं. “हा प्यायचा असेल तर मी मुळीच मरत नाही.”

तो डबा अजून फोडलेला नाही. दर सामन्याला लीड्सवाले त्याची चौकशी करतात, आणि बर्नलीवाले सांगतात, “दार उघडं राहावं म्हणून टेकू लावलाय. चांगला उपयोगी आहे.”