दाढेतल्या सिमेंटचं गणित: माझा अनुभव

एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षी एका मावशींच्या खोल दाढेत मी कंपोझिट (लोक ज्याला सिमेंट म्हणतात ते, निळ्या प्रकाशाने कडक होणारं फिलिंग) एकदमच भरलं आणि वीस सेकंद लाइट मारला. आठवड्याने दाढ ठणकते म्हणून त्या परत आल्या. फिलिंग काढायला घेतलं तर वरचा थर दगडासारखा, तळाशी मात्र प्रोबचं टोकदार टोक सहज रुतलं. 'दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर द्यायचा नाही' हे मला पाठ होतं. दोनच का, ते माहीत नव्हतं. थिसिसचा विषय मी त्यावरच घेतला.

बारावीनंतर गणिताला हात लावलेला नव्हता. माझा आतेभाऊ केमिकल इंजिनियर. दर रविवारी फोनवर तो मला समीकरणं समजावून द्यायचा. रसायन मला ठाऊक होतं. बोवेन यांनी १९६२ मध्ये पेटंट घेतलेलं बिस-जीएमए हे घट्ट रेझिन, ते पातळ करायला टेगडीएमए, आणि ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषणारं पिवळं कॅम्फरक्विनोन. ते अमाइनच्या मदतीने रॅडिकल, म्हणजे अतिक्रियाशील रेणू, तयार करतं, आणि रॅडिकल मोनोमरचे, म्हणजे रेझिनच्या सुट्या रेणूंचे, दुहेरी बंध उघडून त्यांच्या साखळ्या जोडत जातात.

मी थराचे पातळ काप कल्पिले आणि प्रत्येक कापात किती प्रकाश पोचतो ते बेअर-लँबर्टच्या नियमाने (खोलीबरोबर प्रकाश कसा कमी होतो ते सांगणाऱ्या) काढलं. पहिलं उत्तर इतकं चुकीचं आलं की तीन दिवस त्यातच गेले. दिव्याची तीव्रता मी मिलिवॅटमध्येच ठेवली होती. समीकरणाला हवे होते फोटॉनचे मोल, म्हणजे प्रकाशकणांची संख्या, आणि निळ्या प्रकाशाच्या एका मोलला सुमारे २५५ किलोज्यूल लागतात.

ते सुधारल्यावर मॉडेलचा आलेख एफटीआयआरवर (अवरक्त प्रकाशाने रेणूंतले बंध ओळखणाऱ्या यंत्रावर) मोजलेल्या आलेखाशेजारी ठेवला. त्या यंत्रावर १६०८ तरंगसंख्येचं शिखर जागचं हलत नाही आणि १६३८ चं डोळ्यांदेखत खाली बसत जातं. दुहेरी बंध संपत चालल्याची ती खूण. माझं मॉडेल सुरुवातीपासून मंदावत होतं. खरी प्रक्रिया आधी वेग घेत होती.

"ताई, तू के-टी स्थिर धरलायस का?" भावाने विचारलं.

धरला होता. के-टी म्हणजे दोन रॅडिकल भेटून एकमेकांना संपवतात त्या क्रियेचा स्थिरांक. रेझिन घट्ट व्हायला लागलं की लांब साखळ्यांची टोकं अडकतात, रॅडिकल एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. छोटे मोनोमर मात्र अजून फिरत असतात, म्हणून वेग वाढतो. पुढे सगळंच काचेसारखं झालं की मोनोमरही अडकतात. म्हणूनच कंपोझिटमधले साधारण ५५ ते ७५ टक्केच बंध जुळतात, बाकीचे तसेच राहतात. के-टी आणि साखळी वाढण्याचा स्थिरांक के-पी हे दोन्ही, जसजसे बंध जुळत जातील तसतसे घटते ठेवले, आणि आलेखाला तो फुगवटा आला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणखी एक गोष्ट मला गणितातूनच पटली. वेग तीव्रतेच्या वर्गमुळाने वाढतो. दिवा दुप्पट प्रखर केला तर वेग १.४ पटच होतो. म्हणजे १००० मिलिवॅटचे वीस सेकंद आणि २००० चे दहा सेकंद ऊर्जेच्या हिशोबात सारखे असले, तरी दाढेत सारखे नसतात; वेळ निम्मा होतो, वेग मात्र दुप्पट होत नाही. जोरदार दिवा घेऊन वेळ निम्मा करणाऱ्यांनी हे एकदा तरी मांडून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

पडताळा साधा होता. आयएसओ ४०४९ या फिलिंगच्या साहित्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चार मिलिमीटर व्यासाच्या धातूच्या साच्यात कंपोझिट भरायचं, वरून लाइट मारायचा, आणि बाहेर काढून खालचा मऊ भाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा. उरलेल्या कडक कांडीची निम्मी लांबी धरायची. माझी कांडी पाच मिलिमीटरच्या जरा वर राहिली, म्हणजे निम्मे अडीच. त्या तळाच्या चिकट लगद्याचा स्पर्श मला ओळखीचा होता.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "तापमान किती घेतलंत?" मी प्रयोगशाळेतलं घेतलं होतं. तोंडातली दाढ त्याहून गरम असते. घरी येऊन ३५ अंश घालून मॉडेल पुन्हा चालवलं. साखळ्या जरा उशिरा अडकल्या आणि तेवढ्याच प्रकाशात थोडे जास्त बंध जुळले.