देवराईत गेल्यासारखं

२०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या, आता बंद झालेल्या, कलासंग्रहालयात मृणालिनी मुखर्जींची शिल्पं पाहिली. १९८४ ची ‘यक्षी’, १९९४ ची ‘वनश्री’. माणसाहून उंच, आणि सगळी दोरीची! रंगवलेली जाड दोरी, हातानं मारलेली एकेक गाठ. त्या गाठींतूनच चुण्या, पाकळ्या, पोटं फुगत जातात. फूल कुठं संपतं नि देवी कुठं सुरू होते, कळेना.

मुखर्जी १९४९ साली मुंबईत जन्मल्या, बडोद्यात शिकल्या, २०१५ मध्ये गेल्या.

‘यक्षी’समोर आपसूक आवाज खाली गेला. आजोळच्या देवराईत शिरताना आजी चपला काढायला लावायची, वाळकी काटकीही उचलू द्यायची नाही. तिथंही पाय तसेच जड झाले. अजून गाठीच दिसतायत डोळ्यांपुढे.