भज्जी, भजी नव्हे

ताईच्या लग्नानंतरची पहिली येळवस. दाजी पुण्याचे, रानातल्या जेवणाला पहिल्यांदाच आलेले. कोपीसमोरच्या सतरंजीवर नव्या जावयाला शोभेल अशी मांडी घालून बसले होते. मी भज्जीचं भगुणं घेऊन त्यांच्यापुढे वाकले. "दाजी, भज्जी वाढू?"

"चारच वाढा," ते म्हणाले, "तेलकट सोसत नाही मला."

मी चार पळ्या वाढल्या. पत्रावळीवर पसरत चाललेलं ते हिरवट-पिवळं, दाट, वाफाळतं प्रकरण बघून त्यांचा जो चेहरा झाला, तो आमच्या घरात दर वर्षी नव्याने सांगितला जातो. एका जकाराचा तर फरक, पण तेवढ्यात कढई जाऊन भगुणं येतं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. लातूर आणि धाराशिवमध्ये हा सण दिवाळीच्या तोडीचा. लातूरला तर त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. दुकानांची शटरं खाली आणि रस्त्यावरची सगळी वाहनं रानाच्या दिशेने. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांची पूजा, रानाला आंबील शिंपत फेरी, आणि मग जेवण. पलीकडे कर्नाटकात हिलाच एळ्ळ अमावस्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. म्हणजे नावावर गेलं तर दिवसाचा मान तिळाच्या पोळीचा. शिवाय गव्हाची खीर असते, शेंगापोळी असते, नैवेद्यात त्याच पुढे. पण खिरीसाठी कुणी मुंबईहून रात्रभर गाडी चालवत येतं का? माणसं येतात ती तोंडी लावण्यासाठी, म्हणजे भज्जीसाठी.

भज्जीची सुरुवात आदल्या संध्याकाळी होते, आणि ती शिजवण्याने नाही, सोलण्याने होते. अंगणात पोत्यावर तुरीच्या शेंगांचा ढीग, त्याच्याभोवती बायका, पोरं आणि ज्यांना दुसरं काही काम सांगायची सोय नाही असे पाहुणे. वाटाणा गुणी, अंगठा लावला की उघडतो. तूर चिवट. वालाच्या शेंगेत अळी निघाली की एक पोरगी किंचाळते, दर वर्षी निराळी. हरभऱ्याचे घाटे उपटून आणलेल्या डहाळ्यांवरूनच सोलायचे आणि त्याची आंब बोटांना लागते. नखाशेजारी चीर असेल तर असं चुरचुरतं की डोळ्यांत पाणी. आज्जी सांगायची, पूर्वी पहाटे हरभऱ्यावर धोतराचं फडकं पसरून दवासकट ही आंब टिपून, पिळून ठेवायचे, पोटदुखीवर द्यायला. आम्हाला ती बोटं चोखून फुकट मिळायची.

सकाळी दाणे उकडायचे. त्यात मेथी, पालक, चुका, चाकवत, पातीचा कांदा, गाजराचे तुकडे, कोवळी वांगी, कुणी बोरंही टाकतात. हिरवी मिरची आणि लसूण हात सैल सोडून. चिंचेचा कोळ. आणि सगळ्यांना बांधून ठेवायला बेसन कालवून. हे बेसन ओतताना एकीने धार सोडायची, दुसरीने ढवळत राहायचं, आणि तिसरीने "गुठळ्या होऊ देऊ नका गं" एवढंच म्हणत राहायचं. हे तिसरं पद आमच्याकडे कायम मोठ्या काकूंकडे आहे.

चिंचेवरून आठवलं. २०२४ मध्ये आमच्या लातूर जिल्ह्यातली पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळालं. मी उत्साहाने आईला ती बातमी वाचून दाखवली. "म्हंजे भाव वाढला का?" आईने विचारलं. ती विकत घेणारी की विकणारी, कोणत्या बाजूने विचारतेय, ते मला अजून कळलेलं नाही.

भज्जीची चव दर वर्षी एक नसते, आणि त्यात हाताचा दोष कमी, पंचांगाचा जास्त. अमावस्या काही इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. २०२३ साली अधिक श्रावण आला, म्हणून त्या वर्षीची येळवस थेट ११ जानेवारी २०२४ ला पडली. घाटे टच्च भरलेले, पण तूर वाळून गेलेली, दाणा दाताखाली आडमुठा. उलट २०२५ ची येळवस १९ डिसेंबरला. तूर अशी कोवळी की शिजताना विरघळते की काय वाटावं, आणि हरभरा मात्र अजून फुलातच. मग नुसता पाला घालून समाधान करायचं. तूर आणि हरभरा दोन्ही एकाच भगुण्यात कोवळे सापडले तर आई त्याला 'योग' म्हणते. लग्नाच्या पत्रिका बघतानासुद्धा ती हा शब्द इतक्या आदराने वापरत नाही.

जानेवारी २०१६ ला ना तूर होती ना हरभरा. विहिरीचा तळ दिसत होता. त्याच एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या वर्षाची ही गोष्ट. शेतावर जायचंच कशाला, असं आम्ही पोरं म्हणालो. आईने किराणा दुकानातून वाळका वाटाणा आणि हरभरे आणून रात्री भिजत घातले. रंग नीट आला नाही, पाला तर नव्हताच. आण्णांनी आंबील शिंपत फेरी मारली ती नेहमीएवढीच, पूर्ण. एक बांध सोडला नाही. भज्जीबद्दल कुणी काही बोललं नाही. दोनदा वाढून घेतली फक्त.

बाकीच्या पदार्थांचं थोडक्यात सांगते, कारण ते मी थोडक्यातच खाते. बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, नुसते खाल्ले तर घशात मुक्काम करतात, त्यांचा जन्मच भज्जीत बुडण्यासाठी. ठेचा हवा, पण कोपऱ्यात. आंबील मात्र मी मानते. ज्वारीचं पीठ आंबवून, ताक आणि आलं-लसूण घालून मातीच्या बिंदग्यात ठेवलेली. तिखट भज्जीवर तिचा एक थंड घोट घेतला की माणूस पुन्हा पहिल्यापासून जेवायला बसतो. त्यानंतर झाडाखाली जी झोप लागते, तिला कुणी जबाबदार नाही.

एका वर्षी ताईला सुट्टी मिळाली नाही. तिने पुण्याच्या फ्लॅटमध्येच भज्जी करायचं ठरवलं आणि आईला फोन लावला.

"किती माणसं?" आई.

"आम्ही तिघंच."

"मग न्हाई व्हायची."

ताईने हट्टाने केली. फ्रीजरमधला मटार, मॉलमधला पालक. संध्याकाळी तिचा मेसेज आला : मटारची उसळ छान झालीये. खरंच आहे ते. तिघांसाठी भज्जी करायला गेलं की पाच प्रकारचे दाणे मूठ मूठ आणि सहा पालेभाज्या चार चार पानं घ्यायच्या. हे औषध झालं. आईचं सगळ्यात लहान माप म्हणजे ते पितळी भगुणं, वीस माणसांचं. त्याच्याखालचं गणित तिला येत नाही. आणि वर तर तिला सीमाच नाही. रस्त्याने कुणीही जाताना दिसलं की आण्णा बांधावरून हाक देतात, "ओ पाव्हणं, या की जेवायला!" लोक येतातही. आपणही चार जणांच्या रानात जाऊन त्यांची भज्जी चाखायची आणि "आमच्यापेक्षा चांगली झालीय" म्हणायचं, खोटं असलं तरी. जास्तीची माणसं आली की आई भगुण्यात पाणी आणि मूठभर बेसन घालते, मीठ टाकते, एक उकळी देते.

दाजी आता स्वतःचा डबा घेऊन येतात. कडीचा, स्टीलचा, झाकणाला आतून रबर असलेला. हे रबर २०१९ नंतरचं. त्या वर्षी परतीच्या वाटेवर डबा डिकीत कलंडला आणि संक्रांतीपर्यंत गाडीत येळवस राहिली. दिवस मावळायला लागला की ते कुणाच्या आधी कोपीत शिरतात आणि तळाची, करपल्याच्या जरा अलीकडची, घट्ट भज्जी खरवडून घेतात. ती दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर जास्त चवदार लागते, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

"जावईबापू, खीर पण न्या की थोडी," आई दर वर्षी म्हणते.

"आई, गोड सोसत नाही मला," दाजी म्हणतात, आणि डब्याची कडी लावतात.