अखंड दिव्याची वात

नवरात्रातला दिवा नऊ दिवस जळायचा, म्हणजे २१६ तास. तिथीची वृद्धी असली तर आणखी चोवीस. भाव कितीही असो, वातीला तो कळत नाही. तिला तेल कळतं.

ते किती लागेल, हे शेजारणीला विचारून उपयोग नाही, वातीच्या जाडीवर असतं. आदल्या दिवशी तीच वात मोजून घातलेल्या तेलात सहा तास जाळून पाहावी. २५ मिली गेलं, तर नऊ दिवसांचं ९०० मिली. तूप आणि खोबरेल पहाटेच्या गारव्याला थिजतात, वात कोरडी पडते; तिळाचं तेल बरं.

वात अगोदर तेलात पूर्ण भिजवावी, नाहीतर कापूसच जळतो. टोक गव्हाच्या दाण्याएवढं बाहेर. जास्त सारलं की ज्योत धुरकटते आणि देवघराची भिंत काळी होते. वात काठाबाहेर लोंबत राहिली तर ती तेल ओढून बाहेर टाकते: सकाळी परातीत तेलाचं तळं, दिवा ठणठणीत कोरडा. दरवर्षी कुणाच्या तरी घरी हा चमत्कार होतोच.

सगळ्यात नाजूक काम काजळी काढायचं. टोकाला काळी गुठळी धरली की तेल वर चढत नाही, ज्योत बारीक होत जाते. आणि झाडायला गेलं की नेमकी तेव्हाच जाते. म्हणून आधी शेजारच्या निरांजनाला ज्योत द्यायची, मग चिमट्याने काजळी काढायची. कित्येक घरांत हा दुसरा दिवा नऊही दिवस तेवत ठेवतात. ज्याने ही रीत घातली, त्याचा देवीवर विश्वास असेलच, वातीवर नव्हता.

तरी दिवा जातोच. बांगडी फुटत नाही, वाढते. तसा दिवाही विझत नाही, शांत होतो. देव न मानणाऱ्याच्याही तोंडी इथे ‘विझला’ चटकन येत नाही. आजीला अपशकुन दिसतो, नातू छताच्या पंख्याकडे बोट दाखवतो. बाजू नातवाची भक्कम आहे, पण बोट दाखवताना काडेपेटी त्याच्याच हातात असते.

घराला कुलूप लावून जायचं असेल, तर मात्र दिवा शांत करूनच जावं. देवीच्या रागापेक्षा पडदा लवकर पेटतो. उंदीर तेलकट वात पळवतात, कधी पेटतीसुद्धा.

पहाटे तीनचा गजर बऱ्याचदा नातवाच्याच फोनवर असतो. वातीवर एकदम धार धरली तर ती बुडते, म्हणून तो ज्योतीच्या मागच्या बाजूने चमच्याचमच्याने तेल सोडतो, आणि पंखा एकवर आणून झोपतो.