तळी भरताना विहिरींचे काय होते

जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या पट्ट्यात शेततळ्यांमुळे काय बदलले, हे अभ्यासण्याचे काम आमच्या छोट्या गटाकडे होते. २०१२ च्या दुष्काळात या भागातील बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. त्यानंतर, विशेषतः २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आल्यावर, तळ्याकडे बागायतदार विम्यासारखे पाहू लागला. आमच्या कुटुंब-सर्वेक्षणाचा कौलही तोच होता: तळेवाल्यांच्या बागा टिकल्या होत्या आणि उत्पन्न वाढले होते, तर तळे नसलेले मागे पडले होते. आकडे इतके बोलके होते की, मुलाखतींचा टप्पा आता अहवालाला उदाहरणे पुरवण्यापुरताच उरला आहे, असे गटातील काहींना वाटू लागले. ‘मिश्र पद्धती’चा, म्हणजे आकडे आणि मुलाखती यांची सांगड घालण्याचा, हा अर्थ मला नेहमीच आळशी वाटत आला आहे, आधी टक्केवारी छापायची आणि शेजारी एका शेतकऱ्याचे छायाचित्र लावायचे.

शिवारफेरीचा दिवस नोव्हेंबरातला होता. पहिल्याच तळ्यावर पोचलो तेव्हा शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू होती आणि जाड पाइपातून पाणी तळ्याच्या प्लास्टिक कागदावर धो-धो पडत होते. योजनेच्या कल्पनेत शेततळे म्हणजे पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवणारा खड्डा; इथे मात्र चारही बाजूंनी उंच भराव होता आणि शिवारातले पाणी आत यायला वाटच नव्हती. तीस मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात, बाजूंचा उतार धरला तरी, साधारण २० लाख लिटर पाणी मावते. खाली कागद असल्याने ते मुरत नाही आणि वरून उन्हाने उडत राहते. मालकाने काहीही न लपवता सांगितले, “विहिरीला पाणी हाये तवर उचलून ठिवायचं. म्या नाही उचललं तर खालच्याची मोटर उचलंलच की.” त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती.

दुपारी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बायकांनी खडूने फरशीवर पाण्याची कालरेषा आखली. पिण्याच्या विहिरीचे पाणी पूर्वी वैशाखापर्यंत पुरायचे, आता होळीनंतर तळ दिसतो, यावर त्यांचे एकमत होते. कट्ट्यावरच्या पुरुषांनी त्याचे खापर पावसावर फोडले. म्हणून आम्ही तालुक्याच्या पावसाच्या नोंदी आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी त्या रेषेशेजारी ठेवल्या. ही यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा पातळी मोजते. ऑक्टोबरची पातळी पावसामागे चालत होती. मार्चची मात्र बऱ्या पावसाच्या वर्षांतही अलीकडे अधिक खाली गेलेली होती. बायकांची रेषाही तपासणीतून सुटली नाही: त्यांनी सारी घसरण दुष्काळाच्या वर्षापासून धरली होती, पण नोंदींत ती तळी वाढत गेली तशी टप्प्याटप्प्याने दिसत होती.

माझ्या मते खरा पेच त्यापुढचा होता. काळ्या पाषाणात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असते, त्यामुळे एका विहिरीचा उपसा शेजारच्या विहिरीला जाणवतो. तळे नसलेली कुटुंबे हा सर्वेक्षणातला तुलनेचा गट होता. त्यांचे मागे पडणे जर काही अंशी तळ्यांमुळेच घडत असेल, तर दोन गटांतला फरक हा तळ्याचा निव्वळ लाभ उरत नाही, कारण त्यात शेजाऱ्याचे नुकसानही लाभ म्हणून मोजले जाते. नमुना कितीही मोठा घेतला तरी हा दोष जात नाही, कारण बदल कुटुंबात घडत नसून कुटुंबांच्या मधल्या जमिनीखाली घडत असतो. हे प्रश्नावलीतून कळणे अशक्य होते. आणि नुसत्या मुलाखतींवर विसंबलो असतो, तर पाऊस की तळी, हा वाद कट्ट्यावरच राहिला असता.

रात्री मुक्कामावर बरीच वादावादी झाली. अखेरीस प्रश्नावलीत ‘तळे कशाने भरता, आणि कोणत्या महिन्यांत?’ हा प्रश्न आला, विहिरी आणि तळी एकाच नकाशावर मांडायचे ठरले आणि प्रत्येक कुटुंबाच्या नोंदीला त्याच्या विहिरीपासून सर्वांत जवळच्या तळ्याचे अंतर जोडले गेले. अभ्यासाला पैसा देणाऱ्यांना ‘तळ्यामुळे उत्पन्न किती वाढले’ हा एकच आकडा हवा होता. आम्ही तो दिला, पण तळे नसलेल्यांच्या विहिरींचे काय झाले, हे त्याच पानावर त्याच्या लगेच खाली छापण्याच्या अटीवर.