‘राहता कुठे?’ : दोन मुलाखती आणि एक जुना प्रश्न

नागपुरात स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर एका खाजगी कंपनीत माझी पहिली मुलाखत झाली. बीम, कॉलम किंवा पायाविषयी काही विचारण्याआधी मला दोन प्रश्न आले : ‘राहता कुठे?’ आणि ‘लग्नाचं काय ठरलंय?’ पहिल्याचे उत्तर ‘इंदोरा’ असे होते, म्हणजे नागपुरातली प्रामुख्याने दलित-बौद्ध वस्ती. या एका शब्दातून समोरच्याला काय कळते, हे नागपूरकर वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यांनी माझी फाईल मिटली, ‘कळवतो’ म्हणाले आणि कधीच कळवले नाही. नकाराचे कारण तेच होते, हे मी आजही सिद्ध करू शकत नाही. अशा नकाराचे शल्य नेमके हेच असते की माणूस वर्षानुवर्षे स्वतःच्याच अभ्यासात उणीव शोधत राहतो.

पुढे मँचेस्टरमध्ये नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा त्यावर छायाचित्राला जागा नव्हती आणि वैवाहिक स्थितीचा रकानाही नव्हता. वंश, धर्म, अपंगत्व यांची माहिती वेगळ्या पानावर मागितली होती. ती देणे ऐच्छिक होते आणि ते पान निवड करणाऱ्यांपर्यंत जाणार नाही, असे त्यावरच लिहिले होते. मुलाखतीत तिघांनी प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले आणि प्रत्येक उत्तराला स्वतंत्रपणे गुण दिले. आता मी स्वतः अशा निवड समितीत बसते. ऐकू कमी येणाऱ्या एका उमेदवाराला आम्ही प्रश्न लेखी दिले, आणि त्या दिवशीची सर्वांत नेमकी उत्तरे त्यानेच दिली. अशी वाजवी सोय करून देणे हे येथील 2010 च्या समानता कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. नोकरी देऊ करण्यापूर्वी उमेदवाराच्या आजारपणाची चौकशी करण्यावरही, काही अपवाद सोडता, त्याच कायद्याने बंदी घातली आहे.

हे सारे येथेही कोणी आपण होऊन दिलेले नाही. मोटारीच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या डॅगनहॅमच्या फोर्ड कारखान्यातील स्त्रियांचे काम कमी कौशल्याचे ठरवले गेले, म्हणून त्यांनी 1968 मध्ये संप केला. समान वेतनाचा कायदा 1970 मध्ये झाला. कार्यालयात ही हकिगत कोणी सांगितली की मला माझी आजी आठवते. ती विड्या वळत असे. तिच्या आईबरोबर ती नागपुरातल्या 20 जुलै 1942 च्या दलित महिला परिषदेला गेली होती. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष असलेल्या त्या परिषदेत गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या स्त्रियांसाठी वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतन मागितले गेले, तसेच गिरण्यांत स्त्रियांवर देखरेखीला स्त्रियाच असाव्यात, असाही ठराव झाला. डॅगनहॅमच्या 26 वर्षे आधी, आमच्या शहरात! हे मी माझ्या ब्रिटिश सहकाऱ्यांना आवर्जून सांगते, कारण संधीची समानता पश्चिमेकडून आपल्याकडे आली, असा समज त्यांचाही आहे आणि आपल्यापैकी अनेकांचाही.

संविधानाच्या अनुच्छेद 16 ने संधीची समानता दिली ती शासकीय सेवेपुरती. खाजगी कार्यालयाच्या दारात तो अनुच्छेद थांबतो आणि माझी फाईल मिटली गेली ती त्याच दाराच्या आत. मात्र ब्रिटनमधल्या समानता कायद्यातही एक जागा रिकामी आहे. जातीचा अंतर्भाव वंश या निकषात करावा, असे बंधन येथील संसदेने 2013 मध्ये सरकारवर घातले. 2018 मध्ये सरकारने तो न करण्याचा निर्णय जाहीर केला आणि हा प्रश्न न्यायालयीन निकालांवर सोडला. बिहारमधून आणलेल्या एका घरकामगार स्त्रीच्या खटल्यात नोकरीविषयक खटल्यांच्या अपील न्यायाधिकरणाने 2014 मध्ये जात ही ‘वांशिक मूळ’ या संज्ञेत येऊ शकते, असे म्हटले होते. आज आधार आहे तो एवढाच.

तो आधार किती अपुरा आहे, हे मला येथील एका दिवाळी फराळाच्या वेळी जाणवले. हातात चिवड्याची बशी असताना एका काकूंनी अत्यंत प्रेमाने विचारले, ‘नागपूरची का? नागपुरात कुठे गं?’ मी ‘इंदोरा’ म्हटले. त्या क्षणभर थांबल्या आणि मग हवेविषयी बोलू लागल्या. आपल्या लोकांपैकी अनेक जण येथे निवड समित्यांवर आहेत, हे लक्षात घेता तो क्षण माझ्या मनातून जात नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीचा इंदोऱ्याहून फोन आला. नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीत तिची मुलाखत आहे. ‘मावशी, कुठे राहते विचारलं तर सदर सांगू का?’ सदर म्हणजे नागपुरातलाच दुसरा भाग. आजी असती तर म्हणाली असती, ‘तुले काम येते का, थे विचारा म्हना.’ मी भाचीला खरा पत्ता सांगायला सांगितले आणि नंतर कितीतरी वेळ, तिच्यावर मी हे ओझे टाकले का, याचा विचार करत बसले. मुलाखत सोमवारी आहे.